आधी प्रत, मग चित्रपट

‘कुंकू’ या जुन्या चित्रपटावरचं एक टिपण वाचताना मधेच अडखळायला झालं. लिहिणाऱ्यानं मनापासून लिहिलं होतं. शांता आपटेंच्या नीरेविषयी भरभरून, केशवराव दात्यांच्या काकासाहेबांविषयी जरा हातचं राखून. शेवटाकडे मात्र दोन वाक्यं होती. एक: ध्वनिपट खराब झालेला दिसतो, कितीतरी प्रसंगांत पार्श्वसंगीत ऐकूच येत नाही. दुसरं: छायाचित्रण त्या काळाच्या मानानं ठीक, पण चेहरे कपाळापासून कापलेले आणि खोल्या काळोख्या. पहिली तक्रार प्रतीवर होती आणि ती खरं तर दिग्दर्शकाच्या नावावर मांडायला हवी होती, कौतुक म्हणून. 1937 साली व्ही. शांताराम यांनी तो चित्रपट ठरवून पार्श्वसंगीताविना केला. गाणी सोडली तर कानावर येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. घड्याळाची टिकटिक तिथे वाद्यवृंदाचं काम करते. दुसरी तक्रार छायाचित्रकारावर होती, आणि दोष होता प्रतीचा. मूळची जवळजवळ चौरस चौकट रुंद पडद्यात बसवण्यासाठी कुणीतरी वरून-खालून छाटली होती. एकाच टिपणात दोन उलटसुलट अन्याय, आणि दोन्ही करणारा माणूस प्रामाणिक.

जुन्या चित्रपटांवर हौसेनं लिहिणाऱ्यांकडून होणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका या जातीच्या असतात असं माझं मत आहे. आपण पाहतो ती प्रत, आणि लिहितो चित्रपटावर. मधल्या प्रवासाचा हिशेब कुणी धरत नाही. मूळ निगेटिव्ह नायट्रेटच्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मवरची. ती बहुतेकदा नष्ट झालेली, विरघळलेली, किंवा 2003 साली पुण्यात लागली तशा आगीत जळालेली. मग एखाद्या वापरलेल्या प्रिंटवरून काढलेलं डुप्लिकेट निगेटिव्ह, त्यावरून पुन्हा प्रिंट, कधी 16 मिलिमीटरवर उतरवलेली, तिच्यावरून दूरदर्शनसाठी टेप, टेपवरून व्हीसीडी, व्हीसीडीवरून इंटरनेटवर चढवलेली फाइल. तिसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीचं पाणी पिऊन चहाच्या मळ्यावर मत द्यावं, तसा हा प्रकार होतो. प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक पिढीला मधल्या राखाडी छटा गळतात. पांढरं आणखी पांढरं होतं, काळं काजळीसारखं थापलं जातं. काकासाहेबांच्या खोलीच्या कोपऱ्यात अंधार होता की तिथे एक कपाट होतं, हे अशा प्रतीवरून सांगताच येत नाही.

म्हणून आधी प्रत तपासायची.

सुरुवात लांबीपासून. चित्रपट सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, ते बहुतेक जण पुढे ढकलतात. तिथे थांबून लांबी आणि रिळांची संख्या टिपून घ्यावी. 35 मिलिमीटरच्या एका फुटात 16 चौकटी असतात. बोलपट सेकंदाला 24 चौकटींनी धावतो. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला 90 फूट. लांबी फुटांत असेल तर 90 नं भागा, मीटरमध्ये असेल तर 27.4 नं. हजार फुटांचं रीळ साधारण 11 मिनिटांचं, त्यामुळे नुसता ‘14 रिळं’ एवढा उल्लेख सापडला तरी अडीच तासांच्या आसपासचा अंदाज बांधता येतो. एक सावधगिरी मात्र हवी. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याआधीच्या चित्रपटांच्या आज फिरणाऱ्या प्रतींवर अनेकदा नंतरच्या पुनःप्रदर्शनाचं प्रमाणपत्र असतं. त्यावरची लांबी आधीच कात्री लागलेल्या आवृत्तीची असू शकते, म्हणून तारीखही टिपायची.

आता या हिशेबातली खरी मेख. समजा प्रमाणपत्र म्हणतं 3,800 मीटर. म्हणजे 138 मिनिटं. हातातली फाइल आहे 125 मिनिटांची. तेरा मिनिटं कापली, असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण आपल्याकडचं टीव्ही प्रसारण, त्यासाठीच्या टेपा आणि त्यांवरून निघालेल्या बहुतेक व्हीसीडी-डीव्हीडी पाल पद्धतीच्या, सेकंदाला 25 चौकटींच्या. 24 चौकटींचा चित्रपट त्यावर सरळ 25 नं पळवला जातो, त्यामुळे तो चार टक्क्यांनी आखडतो. 138 मिनिटांचा पूर्ण, अखंड चित्रपट तिथे 132 मिनिटांतच संपतो. म्हणजे सहा मिनिटं वेगानं खाल्ली आणि खरी हरवलेली सातच. ती कुठली, हे शोधायचं काम यानंतर सुरू होतं.

वेग वाढला की आवाजही चढतो, आणि मराठी संतपटांच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. चार टक्के म्हणजे अर्ध्या सुराच्या पाऊण हिश्शाच्या जवळपास. काळी एक धरून गायलेला अभंग पांढरी दोनच्या अलीकडे कुठेतरी, पेटीच्या कुठल्याच पट्टीवर न बसणारा असा ऐकू येतो. ‘संत तुकाराम’मध्ये (1936) तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस स्वतः गातात. त्या आवाजाला एक खाली बसलेली, स्वतःशी बोलल्यासारखी धाटणी आहे. चढलेल्या प्रतीत तोच आवाज किंचित नाकातला, घाईचा वाटतो आणि तुकोबा थोडे अधीर भासतात. यावर उपाय साधा आहे. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये वेग 0.96 करायचा आणि ध्वनीच्या सेटिंगमधलं टाइम-स्ट्रेचिंग बंद करायचं. ते चालू ठेवलं तर वेग उतरतो पण स्वर चढलेलाच राहतो. दोन्ही केल्यावर एखादा अभंग पुन्हा ऐकावा. तेव्हा श्वासांमधली जागा परत येते. हे सगळ्याच फायलींना लागू नाही. 24 नंच काढलेल्या नव्या स्कॅनला असं केलं तर उलट तोच मंदावेल. फाइलच्या माहितीत चौकटींचा वेग लिहिलेला असतो, तो आधी बघायचा. तेवढ्यावरही विसंबू नये, कारण जुन्या व्हीसीडीवरची चढलेली प्रत कुणी पुन्हा 24 च्या फाइलमध्ये भरलेली असू शकते.

मूकपटांचं गणित याहून वेगळं. तिथे कॅमेरा हातानं फिरवलेला, सेकंदाला 16 ते 18 चौकटींच्या आसपास, आणि तोही एकसारखा नाही. 16 च्या वेगानं एक फूट फिल्म बरोब्बर एक सेकंद चालते. तीच फिल्म बोलपटाच्या यंत्रातून 24 नं सोडली की सगळं दीडपट वेगानं होतं. माणसं टुणटुण उड्या मारतात आणि प्रेक्षक हसतो. मूकपट म्हणजे विनोदी हालचाली, ही समजूत एवढ्या एका तांत्रिक आळसातून जन्मली. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ची (1919) सुरुवात आठवा. दिग्दर्शकाची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते, आणि मग तीच कृष्ण होते. तो प्रास्ताविक तुकडा धावत्या प्रतीत नुसत्या वेडावण्यासारखा दिसतो. इंटरनेटवरच्या प्लेअरमध्ये वेग 0.75 केला की 24 चे 18 होतात. मग एका भावातून दुसऱ्यात जाताना तिचा चेहरा क्षणभर रिकामा होतो, ते दिसतं. अभिनय त्या रिकाम्या क्षणातच आहे. मूकपटाची प्रत बोलपटाच्या यंत्रणेतून काढलेली असेल तर आणखी एक नुकसान होतं. चित्राची डावीकडची पट्टी ध्वनिपटाच्या जागेखाली जाते. पाट्यांवरच्या ओळींची पहिली अक्षरं कापलेली दिसली की ओळखायचं. अशा प्रतीवरून ‘रचना डावीकडे झुकलेली’ वगैरे लिहू नये.

चौकटीची परीक्षा सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित. तीस-चाळीसच्या दशकांतल्या बोलपटाची चौकट साधारण 1.37 ला 1 असते, आजच्या टीव्हीची 1.78 ला 1. फरक भरून काढायला दोन गैरमार्ग आहेत. एक, चित्र आडवं ताणायचं. दुसरा, वरून-खालून छाटायचं. ताणलेलं ओळखायला गोल वस्तू शोधायची: बैलगाडीचं चाक, परात, टाळ, घड्याळाची तबकडी. समोरून घेतलेलं चाक अंड्यासारखं दिसलं की प्रत ताणलेली आहे, सुमारे तीस टक्क्यांनी. त्या काळच्या नट्या जाड होत्या, हे मत ज्यांनी या प्रतींवरून बनवलं त्यांना काय म्हणावं! हे निदान दुरुस्त होतं. व्हीएलसीत ‘ए’ दाबत गेलं की चौकटीचं प्रमाण बदलत जातं, 4:3 वर थांबायचं. छाटलेलं मात्र परत येत नाही. जवळजवळ पाव उंची गेलेली असते. ओळखायची खूण म्हणजे श्रेयनामावली. पाटीवरच्या वरच्या ओळीचे रफार-मात्रा आणि खालच्या ओळीचे उकार पडद्याच्या कडेला चिकटलेले किंवा गायब असतील तर छाटणी झाली आहे. ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या चित्रपटांत हे जास्त खटकतं, कारण तिथले कलादिग्दर्शक फत्तेलाल मुळातले चित्रकार, आणि नेपथ्यातली छतं, कमानी, देवळाची उंची यांचा तिथे अर्थाशी संबंध असतो. तुकोबा देवासमोर बसलेले असताना डोक्यावरची मोकळी जागा रचनेचा भाग आहे. ती कापली की उरतो नुसता एक गाणारा माणूस.

धक्क्यांविषयी. दर दहा-अकरा मिनिटांनी चित्र उडी मारत असेल, वाक्य अर्धं तुटत असेल, तर ते संकलकाचं काम नव्हे. तो रिळाचा शेवट आहे. प्रोजेक्टरमध्ये रिळाची टोकंच सर्वांत जास्त हाताळली जातात, फाटतात, ऑपरेटर चार-सहा चौकटी कापून पुन्हा चिकटवतो, आणि शंभर खेळांनंतर तिथलं एखादं वाक्यच नाहीसं होतं. वर उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका किंवा हातानं ओरखडलेली खूण दिसते. पहिली साधारण आठ सेकंद आधी, दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करण्यासाठी. दुसरी अगदी शेवटी, पडदा त्याच्याकडे सोपवण्यासाठी. हे ठिपके दिसले की घड्याळातली वेळ टिपायची. चार-पाच ठिपक्यांनंतर रिळांचा नकाशाच तयार होतो. मग एखादी उडी या नकाशात बसत नसेल, रिळाच्या अधेमधे असेल, तर तिथे कात्री लागली असण्याचा संशय घ्यायला आधार मिळतो. चाकू-सुरी, चुंबन, किंवा राजद्रोहाची शंका यावी असा संवाद त्या जागी असेल तर संशय बळावतो. पण तो संशयच. लिहितानाही संशय म्हणूनच लिहायचा.

हरवलेलं शोधायला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे थिएटरात विकायची ती गाण्यांची पुस्तिका. पातळ कागद, एखाद-दुसऱ्या रंगाचं मुखपृष्ठ, आत पात्रपरिचय, अर्धवट सोडलेलं कथानक आणि सगळी पदं. पुस्तिकेत अकरा पदं आणि प्रतीत नऊ, की दोन कुठे बसत होती हे कथानकाच्या क्रमावरून लावता येतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका जपलेल्या आहेत. जुन्या बाजारातही मिळतात, पण हल्ली तिथले भाव डोळे पांढरे करतात. ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मात्र आंधळा विश्वास नको. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. पदं तेवढ्यात बसवायला कडवी गाळली जात, पुष्कळदा वेगळी वाजवली-गायली जात. रेडिओवर ऐकून पाठ झालेलं गाणं पडद्यावर वेगळं निघालं तर प्रत कापली आहे असा निष्कर्ष काढू नये. तसंच श्रेयाचं. ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ तुकोबांचा अभंग म्हणून उद्धृत करणारी परीक्षणं आजही दिसतात. ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं पद आहे. फसावं असंच ते लिहिलंय, म्हणून फसणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही, पण तपासायला हवं.

आवृत्तीचा गोंधळ यापुढचा. ‘अयोध्येचा राजा’पासून (1932) ‘प्रभात’नं बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी असे दुहेरी केले. हे डबिंग नव्हतं. प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित होई, कधी तेच नट, कधी वेगळे. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ या जोड्यांतला एक पाहून दुसऱ्यावर लिहिता येत नाही. ‘अमृतमंथन’मधला तो पडदाभर डोळा चंद्रमोहनचा, पण तो हिंदी आवृत्तीत. मराठीतला राजगुरू केशवराव दात्यांचा आहे आणि त्यांची दहशत डोळ्यांपेक्षा आवाजात जास्त आहे. ‘पडोसी’त (1941) हिंदू शेजारी मझहर खान आणि मुसलमान शेजारी गजानन जागीरदार, ही अदलाबदल हाच त्या पात्रयोजनेचा मुद्दा. ‘शेजारी’त मिर्झा जागीरदारच आहेत, पण दुसऱ्या बाजूला केशवराव दाते, म्हणजे तो मुद्दा तिथे अर्धाच उरतो. त्याच्या बदल्यात मराठीला संवादांतला गावरान खमंगपणा मिळतो. कुठली आवृत्ती श्रेष्ठ, यावर वाद घालायला मजा येते. फक्त आपण कुठली पाहिली हे आधी सांगावं.

आणि अतिस्वच्छ प्रतींचंही एक दुखणं आहे. खराब प्रत निदान आपण खराब असल्याचं लपवत नाही. हल्ली सॉफ्टवेअरनं घासूनपुसून, मोठं करून, सेकंदाला 60 चौकटींवर नेलेल्या प्रती फिरतात. त्यात फिल्मचा दाणा पुसला जातो, त्याबरोबर कातडीचा पोत, घोंगडीची लोकर, उडणारी धूळ, पाऊस सगळंच जातं. चेहरे मेणाचे होतात. मधल्या चौकटी यंत्रानं कल्पून भरल्यामुळे हालचाल तेलकट, घसरती होते. रंगवलेल्या प्रतीविषयी तर बोलायलाच नको. ओरखडे, वरून खाली धावणाऱ्या रेघा, मोहरीच्या फोडणीसारखा तडतडणारा ध्वनिपट हे सगळं मला अशा गुळगुळीतपणापेक्षा परवडतं. यात थोडा भाबडेपणा आहे हे मान्य. ओरखडा हे काही सौंदर्य नव्हे, 1936 च्या प्रेक्षकाला पहिल्या आठवड्यात झळझळीत प्रिंट दिसत होती, आणि जुनाटपणाची ही माया आपली, त्या चित्रपटाची नव्हे. चांगलं पुनरुज्जीवन दाणा राखून घाण काढतं. ते ओळखायचं तर एखादी जवळची चौकट थांबवून गालाकडे बघावं. तिथे बारीक कणांची हालचाल असेल तर हात जपून लावला आहे.

एवढं मोजमाप करत बसलं तर चित्रपट कधी बघायचा, हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर क्रमात आहे. प्रमाणपत्र, चौकटीचं प्रमाण, वेग या तीन गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत होतात. मग दिवे घालवून चित्रपट सलग पाहावा, वही मिटून. काय आवडलं, कुठे लक्ष उडालं, हे फक्त त्या सलग पाहण्यात कळतं आणि परीक्षणाचा जीव तेवढाच असतो. थांबून-थांबून, वेळा टिपत, एकेक चौकट पुढे सरकवत बघणं दुसऱ्या फेरीला. दुसऱ्या फेरीत एखादाच प्रश्न घेऊन बसावं. ‘संत तुकाराम’साठी एक चांगला प्रश्न असा: तुकोबांचे अभंग तुकोबा गातात तेव्हा आणि त्यांचा प्रतिस्पर्धी सालोमालो नटवून गातो तेव्हा कॅमेरा कुठे असतो, किती वेळ न हलता असतो, ऐकणारे दिसतात की नाही. किंवा जिजाई. तिची भूमिका करणाऱ्या गौरीबाईंच्या हातांना पूर्ण चित्रपटभर काम आहे. त्या हातांमागे बघत गेलं तर चमत्कारांच्या गोष्टीच्या शेजारी एका संसाराच्या खर्चाची गोष्ट चालू आहे, ती दिसते.

परीक्षणाच्या शेवटी, किंवा सुरुवातीलाच, दोन ओळी प्रतीसाठी राखाव्यात: आवृत्ती मराठी की हिंदी, फाइल किती मिनिटांची आणि कुठल्या वेगाची, प्रमाणपत्रावरची लांबी व तारीख, चौकट पूर्ण की छाटलेली, काय गहाळ वाटतं. वाचणाऱ्याला त्याच्या हातातली प्रत ताडून बघता येते. या ओळी रुक्ष वाटतात म्हणून बरेच जण गाळतात आणि त्या जागी जन्मगावं आणि किस्से भरतात. किस्से सगळीकडे मिळतात.

उरतो प्रश्न फार वाईट किंवा तुटक्या प्रतींचा. त्यांवर लिहूच नये असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही. मिणमिणत्या, छाटलेल्या प्रतीतूनही अभिनयाची लय कळते, संवाद कळतात, माणसं कुणाच्या किती जवळ उभी आहेत हे कळतं, दृश्य किती लांबवलं आहे ते मोजता येतं. प्रकाशयोजना, नेपथ्यातली खोली, ध्वनीचा पोत यांवर मात्र अशा प्रतीवरून गप्प बसावं. ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं तर त्याहून अवघड जागी नेतात. ती 1913 ची की फाळक्यांनी 1917 साली पुन्हा केलेल्या हरिश्चंद्राची, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या रिळांतल्या हौदावरच्या प्रसंगाचं, ओलेत्या साड्यांतल्या पुरुष-नटांच्या दंग्याचं, कॅमेऱ्यानं किंचित कलत केलेल्या हालचालीचं वर्णन खुशाल करावं. पण ‘पहिल्या भारतीय चित्रपटातच कॅमेरा हलला’ असं लिहिण्याआधी हात आवरावा, आणि सालाच्या जागी दोन्ही आकडे द्यावेत.